बर्फाच्या वादळात घरात शेगडी नको, ताई

पत्र असं आहे:

"नमस्कार. आम्ही लातूरचे. मी एकसष्ट वर्षांची, हे सहासष्टचे. दोन वर्षांपूर्वी यांची अँजिओप्लास्टी झाली. लेक अमेरिकेत बफेलोजवळ राहते, जानेवारीच्या मध्यात तिची तारीख आहे. आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघतोय. जावयांना नोकरीपायी अधूनमधून चार-चार दिवस बाहेरगावी जावं लागतं. मागच्या आठवड्यात कुणीतरी तिकडच्या हिमवादळाचा व्हिडिओ पाठवला. दारापर्यंत बर्फ, गाड्या गडप. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. लेकीच्या घरी सगळं विजेवर. लाइट गेली तर काय करायचं? तिथे कोळसा मिळतो का? बाळ-बाळंतिणीच्या शेकशेगडीलाही लागेलच. हे म्हणतात, बर्फ मी काढीन, आयुष्यभर शेतात खोरं चालवलंय. आणि आम्ही तिला सांभाळायला चाललोय की तिलाच आम्हा दोघांचं ओझं होणार आहे, तेच कळेना. – एक आई, लातूर"

ताई, पत्रात तुम्ही बरंच विचारलंय, पण मी आधी कोळशाचं बोलते. बाकी काही चुकलं तर निभावून नेता येतं. हे चुकलं तर नाही.

कोळसा तिकडे मिळतो. उन्हाळ्यात अंगणात भाजण्या-शेकण्यासाठी लोक तो वापरतात, दुकानात पिशव्या रचलेल्या असतात. तो घरात पेटवायचा नाही. शेकासाठी नाही, धुरीसाठी नाही, लाइट गेली म्हणून हात शेकायलाही नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी सरकवतात, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी देतात. तुम्हालाही दिली असेल, आणि लेकीलाही तशीच द्यावी असं मनात येणं मला पूर्ण समजतं. पण आपल्या जुन्या घराला शंभर फटी. पत्र्याखालून वारा येतो, दाराखाली बोटभर जागा असते, माळवदाला तर धूर जायला सवणंच ठेवलेलं असतं. तिथलं घर थंडी आत येऊ नये म्हणून चहूबाजूंनी बंद केलेलं. खिडक्यांना दुहेरी काचा, भिंतींच्या पोटात गादीसारखा भराव, दाराच्या कडांना रबर. आतली हवा आतच राहते.

निखारा लालबुंद झाला, धूर थांबला, की आपण म्हणतो आता काही नाही. नेमका तेव्हाच त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. माणसाला वाटतं, शीण आलाय, जरा पडावं. मग ते माणूस उठत नाही. पोटातल्या बाळाला तर आईपेक्षाही धोका जास्त. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू ठेवून जीव गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, तो हाच वायू.

मी त्याच भागात अकरा हिवाळे काढलेत. दुसऱ्या हिवाळ्यात लाइट गेली तेव्हा मी गॅरेजचं दार अर्धं उघडून तिथे शेगडी पेटवली होती. उघड्यावरच तर आहे, असं वाटलं. गॅरेजची भिंत घराला लागून. अर्ध्या तासात वरच्या मजल्यावरचा अलार्म ओरडायला लागला, आणि त्या खोलीत माझं दोन वर्षांचं लेकरू झोपलेलं होतं. त्याला पांघरुणासकट उचलून बर्फात उभी राहिले, ती रात्र मी विसरलेले नाही. म्हणून हे इतकं ठासून सांगते. गॅरेजमध्येही नको, पडवीतही नको, खिडकी उघडी ठेवूनही नको. कुणाचा जनरेटर असेल तर तो घरापासून किमान ६ मीटर लांब, दारं-खिडक्यांकडे धूर येणार नाही असा. आणि गॅरेजमध्ये गाडी चालू करून तापवत ठेवायची नाही, शटर उघडं असलं तरी.

लेकीच्या घरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असेलच, पण तो लाइट गेल्यावरही बॅटरीवर चालतो का, हे तिला बघायला सांगा. झोपायच्या प्रत्येक मजल्यावर एक हवा. चार-चार ठोके देऊन तो वाजत राहिला तर सगळ्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडायचं आणि बाहेरून ९११ ला, म्हणजे तिकडच्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन करायचा. मिनिटाला एकदाच टिक् वाजला तर बॅटरी संपत आलेली असते.

शेक द्यायचाच तर लेकीला गरम पाण्याच्या पिशवीनं द्या, कापडात गुंडाळून, तिच्या डॉक्टरांना विचारून. बाळाला धुरी नको. बाळाच्या अंगाशी गरम पिशवीही नको. त्या कोवळ्या कातडीला पोळल्याचं आपल्याला उशिरा कळतं.

आता वादळाचं. लातूरला थंडी म्हणजे पहाटेचं अंगण, दहा-बारा अंश, ऊन आलं की संपली. बफेलोत जानेवारीच्या साध्या रात्री पारा उणे सातच्या आसपास असतो आणि वर्षाला सरासरी आठ फूट बर्फ पडतो. त्याची तिथल्या लोकांना सवय आहे. दुसऱ्या दिवशी शाळा भरतात. खरी भीती वाऱ्याची. तिथलं हवामान खातं हिमवादळ कशाला म्हणतं? ताशी ५६ किलोमीटर किंवा जास्त वेगाचा वारा, ४०० मीटरच्या पलीकडचं दिसत नाही, आणि हे किमान ३ तास चालू. किती बर्फ पडला हे त्या व्याख्येत नाहीच. २८ जानेवारी १९७७ ला बफेलोत जे वादळ सुरू झालं त्यात आभाळातून पडलेला बर्फ फार नव्हता. ईरी सरोवर गोठलं होतं, त्यावर साचलेला कोरडा बर्फ वाऱ्यानं उचलून शहरावर आणून टाकला.

ते सरोवर समजून घेतलंत तर बातम्या नीट कळतील. सरोवराचं पाणी अजून उबदार असताना वरून गोठवणारा वारा जातो, वाफ उचलतो आणि काठावर आल्यावर बर्फ म्हणून टाकतो. हा पट्टा अरुंद असतो. एका उपनगरात कमरेइतका बर्फ आणि दहा-पंधरा किलोमीटरवर लख्ख ऊन, असं तिकडे घडतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्कला साडेसहा फुटांच्या आसपास बर्फ पडला होता. म्हणून "बफेलोजवळ" एवढ्यावर थांबू नका. लेकीचं गाव शहराच्या उत्तरेला की दक्षिणेला, ते विचारा. व्हिडिओ कुठला आहे तेही त्यावरून कळेल.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, नाताळच्या तोंडावर, आणखी एक वादळ आलं. बफेलोच्या विमानतळावर सलग ३७ तास हिमवादळाची स्थिती होती. त्या जिल्ह्यात चाळीसहून जास्त माणसं गेली. कशी गेली हे मी मुद्दाम सांगते, घाबरवायला नाही. कुणी गाडीत अडकून, कुणी पायी निघून वाट चुकून, कुणी ऊब बंद पडलेल्या घरात, कुणी बर्फ उपसताना छातीत कळ येऊन, तर काहींपर्यंत रुग्णवाहिका पोचूच शकली नाही. यातलं पुष्कळसं आधी ठरवलं तर टळतं.

तिकडे हवामान खात्याचा आधी "वॉच" निघतो, मग "वॉर्निंग". वॉच म्हणजे येण्याची शक्यता आहे, हातात एक-दोन दिवस आहेत. वॉर्निंग म्हणजे आलंच. तुमची सगळी धावपळ वॉचच्या दिवशी व्हायला हवी.

आणि इथे, ताई, तुम्हाला शिकवावं असं माझ्याकडे फार काही नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तुम्ही लातुरातच असाल. कुठली घागर आधी, कुठली मागून, पिण्याचं कुठलं, सांडण्याचं कुठलं, हा हिशेब तुमच्या हातात बसलेला आहे. तोच तिथे मांडा. माणशी दिवसाला ४ लिटर पाणी, किमान तीन दिवसांचं, पिण्याचं वेगळं. बाळ आल्यावर आणखी. न्हाणीतला टब भरून ठेवला की संडासला होतो. बाहेर एवढा बर्फ आहे तर पाण्याला काय तोटा, असं वाटेल. पण भुसभुशीत बर्फाच्या दहा बादल्या वितळवल्या की जेमतेम एक बादली पाणी मिळतं. आणि तहान लागली म्हणून बर्फ चघळायचा नाही, अंगातली ऊब त्यात जाते.

खाण्याचं तर विचारूच नका. तिथल्या याद्यांमध्ये डबाबंद कडधान्यं आणि बिस्किटं असतात. तुम्ही येसर न्या. उकळत्या पाण्यात कालवलं की आमटी. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू, भाजलेल्या पिठाच्या पुड्या. वादळाच्या आदल्या दिवशी धपाटे करून ठेवा, दोन-तीन दिवस सहज जातात. ताजी फळं, भाज्या आणि बी-बियाणं मात्र बॅगेत घालू नका, आणि खाण्याचं जे काही असेल ते तिथल्या विमानतळावर कस्टमवाल्यांना सांगा. लाइट गेली तर फ्रिज उघडायचा नाही. बंद राहिला तर ४ तास, आणि गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास थंडी धरतो.

लाइट गेल्यावर काय, हा तुमचा मुख्य प्रश्न. लेकीच्या घरातली ऊब विजेवर असो की गॅसवर, लाइट गेली की बहुधा दोन्ही बंद, कारण गरम हवा घरभर फिरवणारा पंखा विजेवरच असतो. मग आख्ख्या घराचा नाद सोडायचा. एकच खोली धरायची, शक्यतो लहान आणि उन्हाच्या बाजूची. दाराखाली टॉवेल कोंबायचा, खिडकीला गोधडी टांगायची, सगळ्यांनी तिथेच बसायचं, तिथेच झोपायचं. अंगात एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ, एकावर एक. आतला सुती नको. घामानं ओला झालेला सुती कपडा वाळत नाही आणि गारठवतो. डोक्याला टोपी, पायात लोकरी मोजे, झोपतानाही. उजेडाला बॅटरी, मेणबत्ती नको: पांघरुणांच्या गर्दीत एक ठिणगी पुरते, आणि बंब यायला रस्ता नसतो. शेगडी गॅसची असेल तर काडीनं पेटवून स्वयंपाक करता येतो, खिडकी जराशी उघडून. ती उबेसाठी पेटती ठेवायची नाही. पॉवर बँक दोन न्या आणि वॉच निघाला की भरून ठेवा.

नळ गोठणं हे आपल्याला अगदी नवीन. पाणी गोठलं की फुगतं आणि पाइप फोडतं. बाहेरच्या भिंतीलगतचे नळ धार न लागता ठिबकत ठेवायचे, ओट्याखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवायची म्हणजे खोलीची ऊब पाइपला लागते. घरातलं तापमान १३ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा. पाइप फुटला तर तो बंद करायचा, मग बाकीचं.

आणखी एक जागा बघून ठेवायची, ही तिथल्याही पुष्कळांना माहीत नसते. बऱ्याच घरांत ऊब देणाऱ्या यंत्राचा धूर बाजूच्या भिंतीतून प्लास्टिकच्या नळ्यांनी बाहेर पडतो, जमिनीपासून हातभर उंचीवर. बर्फ साचून त्या बुजल्या की तोच वायू घरात शिरतो. त्या नळ्यांसमोरचा बर्फ झाडूनं सारत राहायचा, पण वारा थांबल्यावर, उजेडात आणि जावई किंवा शेजारी यांनी.

म्हणजे तुमच्या यजमानांनी नाही. हे त्यांना वाचून दाखवा. काका, शेतात खोरं चालवणं आणि उणे दहात बर्फ उपसणं ही दोन वेगळी कामं आहेत. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. बर्फ उचलताना हात छातीच्या वर जातात, श्वास रोखला जातो, पाय जागच्या जागी. हृदयावर एकदम दोन्हीकडून ताण येतो. ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे त्यांनी ते काम करायचंच नाही, निम्मं नाही, "जरासं" नाही. दर हिवाळ्यात तिथे फावडं हातात धरून माणसं कोसळतात, आणि त्यातले कित्येक कष्टाची सवय असलेले असतात. जावयांना सांगून बर्फ काढणाऱ्या माणसाशी हिवाळाभराचा ठराव आत्ताच करून घ्या, तशी माणसं तिकडे सर्रास मिळतात. काकांना काम हवंच असेल तर हे घ्या: वॉचच्या बातमीवर लक्ष, बॅटऱ्या, पाण्याची भांडी, आणि एक फावडं घराच्या आत आणून ठेवणं. बाहेर राहिलं तर ते बर्फाखाली जातं आणि दार उघडायलाही काही उरत नाही.

वादळ चालू असताना बाहेर कुणीच जायचं नाही. डोळ्यांपुढे पांढरा पडदा असतो, स्वतःचं अंगण ओळखू येत नाही. घरापासून काही पावलांवर माणसं चुकलेली आहेत. बोटं, नाकाचा शेंडा पांढरा-राखाडी पडून बधिर झाला तर चोळायचं नाही, कोमट पाण्यात धरायचं, गरम नाही. आणि म्हातारं माणूस कुडकुडायचं थांबून बडबडायला लागलं, जीभ जड झाली, तर बरं वाटतंय असं समजू नका. अंगातली ऊब उतरत चालली आहे, लगेच ९११.

तुमच्या दोघांच्या औषधांचा साठा ठरलेल्या मुक्कामाहून महिनाभर जास्त घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि सगळा हातातल्या बॅगेत. इन्सुलिन असेल तर तेही. ते गोठलं तर निकामी. एक कोट आणि टोपी पण हातातच. बफेलोला जाताना मध्ये विमान बदलावं लागतं, आणि तिथल्या थंडीत ते वेळेवर निघेलच असं नाही.

आता लेकीचं. जानेवारीची तारीख म्हणजे ऐन वादळाच्या दिवसांत. तिनं डॉक्टरांना आत्ताच विचारावं: रस्ते बंद झाले तर काय? माझं स्पष्ट मत, शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत वॉर्निंग निघाली तर वादळ सुरू व्हायच्या आत तिनं दवाखान्याजवळच्या एखाद्या लॉजवर किंवा ओळखीच्यांकडे जाऊन राहावं, तुम्ही बरोबर. पैसे वाया गेले तर जाऊ द्या. जावयांनी त्या महिन्यात बाहेरगावी जायचं नाही, हे तुम्ही सांगायला अवघडत असाल तर माझं नाव पुढे करा. आणि समजा तरीही घरातच कळा सुरू झाल्या, तर गाडी काढायची नाही. ९११ लावा. पलीकडचं माणूस फोन न ठेवता काय करायचं ते सांगत राहतं. इंग्रजी अडलं तर "हिंदी" एवढंच म्हणा, बहुतेक ठिकाणी दुभाष्याची सोय असते. ते आधी पत्ता विचारतात, म्हणून घराचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवून ठेवा.

बाळ आल्यावर लाइट गेली तर त्याला सगळ्यात चांगली ऊब आईच्या उघड्या अंगाशी, कातडीला कातडी, वरून दोघांना एक पांघरूण, बाळाचं तोंड मोकळं. आई जागी असताना, किंवा तुम्ही शेजारी जाग्या बसून. झोळीत, पाळण्यात जाड दुलया टाकायच्या नाहीत, तोंडावर येतात.

ओझ्याचं विचारलंत. ताई, पहिलटकरीण, नवरा बाहेरगावी, बाहेर पांढरं काहूर, घरात शुकशुकाट. मी तशा दोन रात्री एकटीनं काढल्यात. त्या वेळी आपली आई नुसती शेजारच्या खोलीत झोपलेली असती, तरी मला पुरलं असतं. तिथे तुम्हाला गाडी चालवता येणार नाही, दुकानातलं बोलणं कळणार नाही, हे खरं आहे. पण बर्फ पडायला लागल्यावर काही करायचं नसतं, नुसतं थांबायचं असतं, आणि नळाची वाट बघत आठवडे काढलेल्या माणसाला थांबता येतं. यंदा येळवस, आपला वेळ अमावास्येचा शेतातला सण, तीही बहुधा चुकेल. आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ न्या, बंद खोलीत बसूनही घोट घोट घेता येईल.

आज संध्याकाळी लेकीला फोन लावा. तीनच गोष्टी विचारा: अलार्म कुठे आहे, पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे, धूर बाहेर सोडणाऱ्या त्या नळ्या असल्या तर कुठे आहेत. तिला माहीत नसेल तर फोन चालू ठेवूनच तिला घरभर फिरायला लावा, जिने मात्र सावकाश उतर म्हणावं.